नाकावरचं घड्याळ

‘मामाने नाकावरून घड्याळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं,’ असं यंत्रवाल्याने मोठ्यांदा वाचलं आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले. मोठे सर म्हणाले, “नाकासमोर बघून चालणारा माणूस असेल, वेळही तिथेच बघत असेल,” आणि त्यावर डॉक्टरांना ठसका लागला. माझं हसू मात्र मधेच अडकलं. नाकावर घड्याळ नसतं, चष्मा असतो, हे सगळ्यांनाच कळलं होतं. पण तो चष्मा कुठला, त्याच्या कुठल्या काडीला दोरा गुंडाळलेला, काचेच्या कुठल्या कोपऱ्यात ओरखडा, हे फक्त मला कळलं, आणि एकदमच कळलं. मामा कुणी नव्हता. माझे बाबा होते. आणि कागदावर बोलत होते ती मी. पहिलं पान माझ्या हाताखालून पाच मिनिटांपूर्वीच पुढे गेलं होतं. त्याच्या कडेला माझ्याच अक्षरात, निळ्या शाईने लिहिलेलं होतं, ‘आठवण ऐकीव वाटते. बोलणारी व्यक्ती त्या वेळी खोलीत नसावी.’ मोठ्या सरांनी त्याखाली ‘नेमकं’ असं लिहून रेघ मारली होती. स्वतःचं बोलणं स्वतःला ओळखू येत नाही, आणि म्हणे आठवणींवर काम करते. शाबास. मी स्वल्पीकडे पाहिलं. कागद तिने आणला होता. ती हसत नव्हती. ती टेबलावरच्या टाचणीकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

मन हा विषय आमच्याकडे पाच जणांनी पाच बाजूंनी धरलेला आहे, आणि विद्यापीठाने आम्हाला त्यासाठी ग्रंथालयामागची एक लांबट खोली दिली आहे, जिच्यात पूर्वी मोडकी बाकं ठेवत. मोठे सर तत्त्वज्ञानाचे. डॉक्टर मेंदूचे, ते मंगळवारीच इस्पितळातून येतात आणि आल्या आल्या डबा उघडतात. यंत्रवाला संगणकाचा, यंत्राला मन असू शकतं का या प्रश्नावर त्याचं डोकं पस्तिशीतच विरळ झालंय. भाषेची ती स्वल्पी. लोक बोलताना किती सेकंद थांबतात, ते ती मोजते, म्हणून पहिल्याच वर्षी मी तिला स्वल्पविराम म्हणाले आणि त्याचं स्वल्पी झालं. आणि मानसशास्त्रातली मी. दर मंगळवारी आमच्यात एक कागद फिरतो. कुणाचं तरी बोलणं, जसं बोललं तसं, मधल्या थांबण्यांचे सेकंद कंसात घालून उतरवलेलं. नाव काढलेलं, नाती बदललेली, वस्तू बदललेल्या. विचारणाऱ्याचे प्रश्नही काढून टाकलेले, कारण मोठ्या सरांचा नियम असा की आपल्याला बोलणाऱ्याचं मन हवंय, विचारणाऱ्याचं नको. प्रत्येकाने कडेला आपल्या विषयातून एक ओळ लिहायची, शाईने, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. या पद्धतीचा मला केवढा अभिमान होता. माणूस न बघता नुसतं बोलणं बघायचं, म्हणजे दया आड येत नाही, असं मी नव्या विद्यार्थ्यांना सांगायचे. चांगली तोंड वर करून सांगायचे. आता ते बोलणं समोर आडवं पडलं होतं आणि डॉक्टर डब्याचं झाकण लावता लावता म्हणत होते की या बाईने हे बऱ्याचदा सांगितलेलं असावं, वाक्यं बघा कशी पाठ असल्यासारखी ठेक्यात येतात. यंत्रवाला म्हणाला की त्याच्या यंत्राला ही आठवण शंभर टक्के खरी वाटेल. मोठे सर म्हणाले, “म्हणूनच ते यंत्र.” पुन्हा सगळे हसले. मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली, उघडली. दुसरं पान माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी त्यावर काहीच लिहिलं नाही, पुढे सरकवलं. कुणी विचारलंही नाही. पाच ओळींपैकी एक राहिली तर काय बिघडतं.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दुकान त्यांचं नव्हतं, काचा त्यांच्या होत्या असं ते म्हणत. मी शाळेतून परस्पर तिथे जायची आणि मागच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकं बघायची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरची ओळ मोठी, खालची मुंगीएवढी. माझ्या लक्षात आलं होतं की काही लोक वाट बघत बसल्या बसल्या तक्ता पाठ करून टाकतात. जवळून वाचायचे, ओठ हलायचे, आणि मग लांबच्या खुर्चीवर बसून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणायचे. दिसत नाही हे कबूल करायची लाज. बाबा त्यांना काही बोलायचे नाहीत. त्यांच्याकडे दुसरा तक्ता होता, पडद्यामागे. ते नुसतं ‘बरं’ म्हणायचे, पडदा सरकवून तक्ता बदलायचे, आणि माणूस तिसऱ्याच ओळीला थांबायचा. एकदा मी विचारलं, “पहिल्यांदाच का नाही हो बदलत?” ते म्हणाले, “एकदा तरी सगळं वाचल्याचं समाधान मिळू दे की.” आणि दुकान बंद करताना, कुलूप ओढून बघताना, त्यांनी मला विचारलं होतं, “डोळ्यांना दिसतं ते डोळ्यांच्या मागे कुठे जातं गं?” मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पुढे आठ वर्षं शाळेत शिकवून, ती नोकरी सोडून, माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरांच्या रांगेत उभी राहून मी या विषयाला आले ती त्या एका प्रश्नापायी. दादा म्हणाला होता, “या वयात मन शिकणार? मग आजवर कशाने चालवलंस?” बाबांनी मला नवा चष्मा करून दिला.

ते गेले त्या दुपारचं जे मला आठवतं, ते असं. आई कोपऱ्यावर औषधं आणायला गेली होती. पडदा अर्धा ओढलेला. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, चष्मा स्वतः काढला, माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि म्हणाले, “नीट ठेव.” बस. त्यांच्या तळव्याला काचा घासून घासून आलेला खरबरीतपणा माझ्या बोटांच्या मागच्या बाजूला अजून लागतो, या क्षणीसुद्धा. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तोवर ती रडलीच नव्हती. औषधाच्या दुकानातली रांग धरून बसली होती; पुढे एकच माणूस होता, मी त्याला म्हणायला हवं होतं मला आधी घेऊ दे, एवढंच ती महिनाभर बोलत होती. माझ्याकडून हे ऐकल्यावर ती जेवायला लागली. दर रविवारी मी गेले की भांडी आवरून ती समोर बसते आणि म्हणते, “सांग.” मी सांगते. ती मान हलवते आणि दोघी चहा पितो. आईला जगवणारी एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. हुशारीने नव्हे, पदव्यांनी नव्हे, त्या चार वाक्यांनी मी माझ्या आईला उभी केली होती, आणि मंगळवारी ती चार वाक्यं घड्याळ होऊन टेबलावरून फिरली आणि त्यांवर मीच शेरा मारला की हे ऐकीव आहे.

स्वल्पीची आणि माझी खोली एकच. दोन टेबलं, एक किटली, खिडकीतून सायकली दिसतात. चार वर्षं आम्ही तिथे एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसलोय. माझ्या केसांत पहिला पांढरा तिने शोधला. तिच्या मोडलेल्या लग्नाची पत्रं मी तिच्यासमोर वाचली, कारण तिच्याने वाचवत नव्हती. मंगळवारची सभा संपल्यावर मी खोलीत जाऊन दार लावलं. ती आधीच येऊन बसली होती, किटली न लावता.

“नाक राहिलं,” ती म्हणाली. “सगळीकडे चष्म्याचं घड्याळ केलं. नाक बदलायचं राहिलं.”

“एवढंच राहिलं का?”

ती म्हणाली, “पहिल्या वर्षी आपण सगळ्यांनी सही केली होती. विभागातल्या कुणीही कुणाचंही बोलणं नोंदवावं म्हणून. तूच म्हणाली होतीस, आपण दुसऱ्यांना कापतो तर आपल्यालाही कापू दे.”

म्हणाले होते. मी तेव्हा अशी वाक्यं फार करायची. “मला ऐकव,” मी म्हटलं. “जे उतरवलंस ते.” तिने आवाज टिपायचं यंत्र पुढे केलं. बाबा गेल्यावर सात महिन्यांनी नोंदवलेलं ते बोलणं मला पाठ होतं. त्यात मी रविवारसारखीच सांगत होते, ठेक्यात. “याच्या आधीचं असेल,” मी म्हटलं. ती म्हणाली, “नको ऐकूस.” चार वर्षांत तिने मला कधी नको म्हटलं नव्हतं, म्हणून मी बटण स्वतः दाबलं.

बाबा गेल्यावर पंधराव्या दिवशीचं होतं ते. आवाज माझा, पण कुणी उशीत तोंड घालून बोलावं तसा. मी म्हणत होते, “मी आले तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता. वाकडा झाला होता एका बाजूला. मी काढला. मीच काढला, कळलं का, गार होता.” मग काही नाही. किटलीचं झाकण थडथडतंय. बाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावतंय. अकरा सेकंद. मी मोजले नाहीत, कागदावर कंसात लिहिलेले असतात तसे ते आपोआपच डोळ्यांसमोर आले. आणि मग स्वल्पीचा आवाज, हळू, माझ्या पाठीवरून हात फिरवताना ती काढते तो. “पण आधी, तू गॅलरीत जायच्या आधी, त्यांनी एकदा स्वतः काढून तुझ्या हातात दिला असेल ना गं? माझ्या काकांनी तसंच केलं होतं. बोटं मिटवली होती माझी.” परत काही नाही. मग मी. “हो,” मी म्हणाले. “बहुतेक. हो. दिला होता.” नंतर नाक ओढल्याचा आवाज, आणि स्वल्पी म्हणतेय, “बघ.”

अशा वेळी काहीतरी व्हायला हवं, आणि होत नाही. मी माझा हात बघत बसले. बोटांच्या मागच्या बाजूला तो खरबरीतपणा होताच. तो गेला नाही. ते सगळ्यांत वाईट होतं. खोटं आहे हे कळल्यावर खोटं निघून जायला हवं की नाही? आमच्याच पुस्तकांत लिहिलंय की जात नाही. मीच मुलांना शिकवते, फळ्यावर लिहून देते, आणि पोरं वहीत उतरवून घेतात.

“तुझ्या काकांनी?” मी विचारलं.

“मला काका नाहीत,” ती म्हणाली.

मग ती भडाभडा बोलत सुटली, सेकंद मोजणारी बाई एकदाही न थांबता. त्या दुपारी मी गॅलरीत फोनवर होते ती तिच्याशीच. बावीस मिनिटं. पुढच्या मंगळवारचा कागद कुणी आणायचा यावरून आमचं वाजलं होतं. “तू आत असतीस, मी फोन केला नसता तर,” ती म्हणाली, “मलाही झोप लागत नव्हती गं. तू पंधरा दिवस पाणीसुद्धा धड पीत नव्हतीस. मला काहीतरी द्यायचं होतं तुला. मला एवढंच देता येतं. बोलणं.” तो दिलासाच होता, असं ती शपथेवर म्हणाली. यंत्र चालू होतं, कारण ते आमच्या खोलीत नेहमीच चालू असतं. मग त्या रात्री मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी जेवले. आणि आठवड्याने मी तेच तिला सांगितलं, तिने दिलेलं तिलाच, जसं काही तिला माहीतच नाही, आणि वर ‘नीट ठेव’ हे दोन शब्द माझ्या पदरचे घालून.

“मग कागद का केलास त्याचा?”

“कारण ते लागू पडलं,” ती म्हणाली. “इतकं लागू पडलेलं मी काही पाहिलं नव्हतं. दिलाशातून आठवण कशी धरते, ते कुणी असं जवळून बघितलेलं नाही. मी रोज बघत होते. इथे, पाठीमागे बसून.” मग म्हणाली, “तू नको म्हण, मी फाडते. आत्ता. सगळं.” आणि मग अगदी हळू, “पण तुला बरं वाटलं होतं ना?”

केसाने गळा कापला, असं माझी आई म्हणते. मला ते नेहमी अतिशयोक्त वाटायचं. स्वल्पी रडत होती आणि तिचं रडणं खरं होतं, तेवढं मला कळतं. मला संताप तिच्या खोटेपणाचा आला नाही. तो दिलासाही खरा होता आणि ते रोज पाठीमागून बघणंही खरं होतं, आणि दोन्ही एकाच हाताने केलेलं, याचा आला. शत्रूने केलं असतं तर मी ओरडले असते. मी पिशवी उचलली आणि निघाले. जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही, का कुणास ठाऊक. पुढचे चार दिवस मी विभागात गेले नाही. तिचे सोळा फोन आले. मी घरात बसून त्या दुपारचं काही उरलंय का ते शोधत होते. पडदा अर्धा ओढलेला खरा. औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट खरं. गॅलरीच्या कठड्यावर सुकत टाकलेला आईचा रुमाल खरा, कारण फोनवर भांडताना मी त्याचा कोपरा पिळत होते. दारातून आत आल्यावर वाकडा झालेला चष्मा, तोही खराच असणार. पण तो मला दिसेना. मी डोळे मिटून किती जोर लावला, मला बाबाच दिसायचे, चष्मा काढून देणारे. स्वल्पीने नुसती एक गोष्ट आत ठेवली नव्हती, आतली एक गोष्ट बाहेर काढून तिच्या जागी ठेवली होती. माझ्या बापाचा शेवटचा चेहरा माझ्याकडे होता, आणि तो आता तिच्या यंत्रात आहे, माझ्याकडे नाही. त्याबद्दल मी तिला कधीही क्षमा करणार नाही, हे मी शनिवारी भांडी घासताना ठरवलं, आणि ठरवल्यावर जरा बरं वाटलं. आणखी एक ठरवलं. आईला खरं सांगायचं. माझ्याशी जे झालं ते मी आणखी एक दिवस तिच्याशी करणार नाही. दर रविवारी ती समोर बसते आणि मी तिला न झालेली दुपार भरवते. स्वल्पीत आणि माझ्यात मग फरक काय, तिच्याकडे यंत्र आहे एवढाच.

रविवारी दुपारी गेले तर आईकडे वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. नव्याच राहायला आलेल्या, यजमान दोन महिन्यांपूर्वी गेलेले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, कुणी उठ म्हणेल तर लगेच उठता यावं अशा. मी चपला काढत होते तेव्हाच आईचा आवाज आला आणि मी एक चप्पल पायात तशीच ठेवून दारात थांबले.

“शेवटपर्यंत शुद्ध होती,” आई सांगत होती. “मी बाजूलाच बसले होते. चष्मा स्वतः काढला, माझ्या हातात ठेवला, माझी बोटं अशी मिटवली,” आणि तिने स्वतःच्या एका हाताने दुसऱ्याची बोटं मिटवून दाखवली, “आणि म्हणाले, नीट ठेव. संपलं.”

काकू म्हणाल्या, “भाग्याच्या हो तुम्ही. मला तर आत येऊच दिलं नाही.”

“अहो, औषध आणायला जाणार होते मी. चिठ्ठी हातात घेतली होती. पण मनानेच सांगितलं, जाऊ नकोस.” आईचा चेहरा मी इतका शांत कधी बघितला नव्हता, बाबा होते तेव्हासुद्धा नाही. रांग नव्हती, रांगेतला तो एक माणूस नव्हता. ती गेलीच नव्हती. मला आधी काय वाटलं ते सांगते, मग लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. मला वाटलं, ते माझं आहे. दे माझं परत. चोरीचा का होईना, तो हात माझ्या हातावर होता, आणि तूही घेतलास, आई, विचारलंसुद्धा नाहीस. मी दाराची चौकट धरली.

आईने मला पाहिलं. “ही बघा आली,” ती काकूंना म्हणाली. “ही होती ना तेव्हा. इथेच, दारात उभी होती, आत्ता आहे ना अशीच.” आणि मग माझ्याकडे वळून, किंचित घाईने, “होतीस ना गं?”

तिचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं मिटलेली. तिने मला ‘सांग’ म्हटलं नव्हतं. यापुढे म्हणणार नव्हती. काकू माझ्याकडे बघत होत्या. पडद्यामागचा दुसरा तक्ता माझ्याच हातात होता. नुसता पडदा सरकवायचा, म्हणजे ती तिसऱ्या ओळीला थांबणार. चार दिवस मी तेवढ्यासाठीच तयारी केली होती, वाक्यंसुद्धा जुळवून आणली होती, हळू, न दुखणारी. त्यांतलं पहिलं वाक्य मी तोंडात आणलं. स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता. सात, आठ, नऊ.

“हो,” मी म्हणाले. “दारातच होते मी. डाव्या हाताने काढला त्यांनी चष्मा. उजव्याने तुझा हात धरला होता ना.”

डाव्या हाताचं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ते आत्ता आलं, आपोआप, स्वल्पी काढते त्याच हळू आवाजात. आई माझ्याकडे बघत राहिली. कपाळावर एक बारीक आठी पडली. मी मोजत होते. चार सेकंद.

“हो,” आई म्हणाली. “डाव्याच.”